मिठाची चव कोण घेणार?

या प्रवासाचा नियम आधीच सांगून ठेवतो. जिथे जाल तिथे कशालाही हात लावता येणार नाही. कुणाला हाक मारता येणार नाही, कुणाचं मनगट धरून थांबवता तर मुळीच येणार नाही. बघता येईल, ऐकता येईल, वास घेता येईल. आणि एक सवलत म्हणून, समोरच्या पदार्थाला जीभ लावून बघता येईल. सवलत विचित्र वाटेल, पण तिच्यावाचून पुढचं काही कळणार नाही.

पहिला मुक्काम हॉलंडमधलं कांपेन, सप्टेंबर १९४५. जर्मन गेलेत, युद्ध संपलंय, पण गावाच्या अंगातला अशक्तपणा अजून गेलेला नाही. इस्पितळाच्या एका खोलीत तुम्ही कोपऱ्यात उभे आहात आणि समोर जे गरगर फिरतंय ते तुम्हाला आधी कपडे धुण्याचं यंत्र वाटतं. पट्ट्यापट्ट्यांचं एक आडवं पिंप. त्याभोवती सेलोफेनची पातळ नळी वेढे घालून गुंडाळलेली, सॉसेजवर चढवतात तेच आवरण. पिंपाचा खालचा भाग टबातल्या पाण्यात बुडालेला. नळीतून रक्त फिरतंय. खाटेवर ६७ वर्षांची एक बाई बेशुद्ध पडलीय आणि विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर कधी तिच्याकडे, कधी टबाकडे बघतोय. या यंत्रावर आधी चढवलेले जवळजवळ सगळे रुग्ण दगावलेत. ते त्याला ठाऊक आहे, खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सगळे रक्ताकडे बघत असतात. तुम्ही टबाकडे बघा.

त्यात शंभर लिटर पाणी आहे. त्या पाण्यात कुणीतरी सकाळी तराजूवर तोलून सहा-सातशे ग्रॅम मीठ घातलंय, दीड-दोन किलो ग्लुकोज घातलंय, थोडा खायचा सोडा, चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड. जीभ लावून बघा. खारट, आणि मागून गोडसर. अश्रूंत कुणी साखर विरघळवावी तसं काहीतरी. सेलोफेनच्या भोकांतून रक्तपेशी आत-बाहेर करू शकत नाहीत, पण मीठ, साखर, युरिया यांना तिथे मोकळं रान आहे. जे रक्तात जास्त ते टबात येतं. जे टबात जास्त ते रक्तात जातं. यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही. त्याला फक्त जास्त आणि कमी कळतं. म्हणजे टबात जे आहे, तेच काही तासांनी त्या बाईच्या अंगात असणार आहे.

बाई डोळे उघडते. शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याला सोडचिठ्ठी द्यायचं बोलून दाखवलं, असं पुढे कौतुकाने सांगितलं जातं. कृत्रिम मूत्रपिंडाने वाचलेली ती पहिली रुग्ण. इतिहासात कोल्फचं नाव राहिलं, पिंपाचं चित्र राहिलं. मीठ तोललं त्या हाताचं नाव कुठे नाही. त्या दिवशी तो हात चुकला नाही, एवढंच त्याच्याबद्दल सांगता येतं.

आता १७ वर्षं पुढे या. मार्च १९६२, न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन. इथे डायलिसिस बघायला आलेलो नाही. इथे बाळांच्या दुधाची खोली आहे.

उकळत्या पाण्याचा आणि आटवलेल्या दुधाचा वास दाटलाय. बाटल्या रांगेने उभ्या आहेत. कोपऱ्यात साखरेचा मोठा डबा. साखर संपली की कुणीतरी मुख्य स्वयंपाकघराच्या कोठीतून तो भरून आणतं. तो भरून आणलेला आहे. डबा तोच, जागा तीच, झाकण तेच. आतला पदार्थ पांढरा, दाणेदार, कोरडा. तुम्ही अगदी डोळा लावून बघितलंत तरी काही वेगळं दिसणार नाही.

आपल्या प्रत्येक घरात पाहुण्यांच्या चहात मीठ पडल्याची एक गोष्ट असते. नव्या सुनेची, नाहीतर परीक्षेच्या धांदलीतल्या पोराची. ती हसून सांगितली जाते, कारण पाहुणा पहिल्याच घोटाला तोंड वाकडं करतो आणि कप खाली ठेवतो. गोष्ट तिथेच संपते. इथे पाहुणे दोन-चार दिवसांचे आहेत. बाळ बाटलीवरून तोंड फिरवतं, रडतं, ओकतं. मोठ्यांच्या जगात याचा अर्थ लावायला हजार कारणं आहेत: पोट दुखत असेल, जंतू शिरले असतील, पाजायची पद्धत चुकली असेल. दूध बेचव आहे, हे सांगणारा एकमेव साक्षीदार बोलायला शिकलेला नाही. आणि तहान लागली म्हणून त्याला पुन्हा तेच दूध मिळतं.

तुम्ही डब्याला जीभ लावता. कळतं. ओरडावंसं वाटतं. नियम आठवतो.

त्या इस्पितळात १४ बाळांच्या पोटात हे मीठ गेलं. सहा दगावली. चूक सापडली ती कुठल्या तपासणीत नाही. एका परिचारिकेने स्वतःच्या कॉफीत त्या डब्यातली साखर घातली आणि घोट घेतला. व्यवस्थेत चव घेणारं पहिलं माणूस हे असं, कामातून घटकाभर थांबलेलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त याचीच भीती वाटते. त्या दिवशी तिला कॉफी बिनसाखरेची आवडत असती तर?

मग मुलांचे डॉक्टर लॉरेन्स फिनबर्ग आणि सहकाऱ्यांनी काही बाळांच्या रक्तातलं मीठ काढलं ते डायलिसिसनेच. पोटाच्या आतल्या पडद्याचा गाळणीसारखा उपयोग करायचा: पोटात द्रव सोडायचा, थांबायचं, काढून घ्यायचा, पुन्हा सोडायचा. त्यातून काही जीव वाचले. तुमच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. पदार्थ चुकल्यामुळे झालेल्या विषबाधेवरचा उपायसुद्धा कुणीतरी बरोबर पदार्थ, बरोबर मापाने, बरोबर पाण्यात घालण्यावरच अवलंबून होता.

सिॲटलला जास्त रेंगाळायचं नाही. वीसेक मिनिटं पुरेत. साल १९६४ च्या आसपासचं. बेल्डिंग स्क्रिब्नरच्या शंटमुळे, म्हणजे हातात कायमच्या बसवलेल्या नळीमुळे, आता तेच ते रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं येणार आहेत. दर खेपेला टब भरा, पोती फोडा, तोला, ढवळा, हे चालणार कसं? त्यात खायचा सोडा आणि कॅल्शियम एका भांड्यात नीट नांदत नाहीत, खडूसारखा साका धरतो. म्हणून सोड्याऐवजी ॲसिटेट वापरायची युक्ती १९६४ मध्ये इथल्याच मंडळींनी काढली. विद्यापीठातले अभियंते लेस बॅब यांनी तर एक अवाढव्य यंत्र बांधलं. त्याचं टोपणनावच ‘मॉन्स्टर’. दाट द्रव एकदाच, नीट तपासून बनवायचा आणि यंत्राने त्यात एकास चौतीस या प्रमाणात पाणी मिसळत राहायचं. मिसळलेल्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजत राहायचं, कारण पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते. आकडा हलला की भोंगा.

म्हणजे यंत्राला जीभ फुटली. खारट आहे की नाही, एवढं तिला कळतं. कुठलं खारट, ते मात्र कळत नाही. हे वाक्य खिशात ठेवा.

आता कॅनडा, अल्बर्टा प्रांतातलं कॅलगरी. २००४ ची सुरुवात. फूटहिल्स मेडिकल सेंटरचा अतिदक्षता विभाग.

इथे आवाज आहेत, पण गलका नाही. पडद्यामागे एक रुग्ण, मूत्रपिंडं बंद पडलेली. रक्तदाब इतका नाजूक की चार तासांचं नेहमीचं डायलिसिस त्याला झेपणार नाही. म्हणून हळूहळू, रात्रंदिवस चालणारं डायलिसिस लावलंय. नेहमीच्या डायलिसिसमध्ये यंत्र मिनिटाला अर्धा लिटर द्रव स्वतः बनवतं, चार तासांत १२० लिटर, आणि बनवता बनवता वीज मोजून चाखत असतं. या हळू चालणाऱ्या यंत्राचं तसं नाही. त्याला तयार द्रवाच्या पिशव्या लागतात. ते पिशवीचं वजन करतं, नळीतला दाब मोजतं, हवेचा बुडबुडा दिसला तर किंचाळतं. पिशवीत काय आहे ते विचारत नाही. पिशवीवर चिठ्ठी आहे ना, मग झालं.

पिशवीकडे बघा. पाण्यासारखा स्वच्छ द्रव, दिव्यासमोर धरला तर कण दिसणार नाही. त्या काळात बरीच रुग्णालयं हा द्रव आपल्याच फार्मसीत बनवून घेत. इथलाही तसाच, मध्यवर्ती फार्मसीत बॅच करून बनवलेला. वर सुरेख चिठ्ठी: अमुक इतकं सोडियम, तमुक इतकं क्लोराइड, तारीख, सह्या. चिठ्ठी खोटी नाही. जे बनवायचं होतं तेच तिच्यावर लिहिलंय. पण बनवताना सोडियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड हाताला लागलं होतं.

क्षणभर त्या दोन नावांपाशी थांबू. दोन शब्दांतला दुसरा शब्द तोच. दोन्ही रंगहीन क्षार, पाण्यात विरघळले की दोन्ही नाहीसे. शरीराला मात्र दोन्हींतला फरक इतका नेमका कळतो की त्याने सगळं आयुष्य त्याच्यावर उभारलंय. रक्तात सोडियम लिटरला १४० च्या आसपास मिलिमोल, पोटॅशियम साडेतीन ते पाच. पेशीच्या आत नेमकं उलटं: पोटॅशियम १४० च्या आसपास, सोडियम अगदी थोडं. आत-बाहेरचा हा तोल सांभाळायला प्रत्येक पेशी दिवसरात्र पंप चालवते आणि त्या तोलावरच हृदयाचा ठोका पडतो. घरात मीठ आणि साखर यांची अदलाबदल झाली तर चहा जातो. इथे घराच्या आतलं आणि बाहेरचंच बदललं.

आणि क्रूर गंमत अशी की मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचतं, ते काढून घेणं हे डायलिसिसचं एक मुख्य काम. यंत्र आपलं काम चोख करतंय. जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे. कांपेनच्या टबात होता तोच नियम. फक्त या खेपेला जास्त पिशवीत आहे.

मॉनिटरकडे बघायचं नसेल तर नका बघू. बघितलंत तर आधी प्रत्येक ठोक्यामागची ती छोटी टेकडी उंच, टोकदार होताना दिसेल, तंबूसारखी. मग ठोक्याची रेघच पसरट होत जाते, आळसावल्यासारखी. त्यानंतर डोंगर-दरी राहत नाही, नुसत्या लाटा.

तुम्हाला जिभेची सवलत आठवते. पोटॅशियम क्लोराइड खारट लागतं खरं, पण मागे कडवट धातूसारखी चव राहते. बिंगहॅम्टनच्या त्या परिचारिकेलाही ती कळली असती. पण पिशवी बंद आहे, निर्जंतुक आहे. ती न उघडणं हीच तिची शिस्त. ती कुणी चाखत नाही आणि चाखूही नये. मग चाखायचं कुणी?

दोन रुग्ण गेले. अतिदक्षता विभागात मृत्यू येतो तेव्हा त्याच्यापाशी आधीच पाच-सहा सबबी तयार असतात: वय, जंतुसंसर्ग, थकलेलं हृदय. एकाही सबबीवर भागवून न घेता पिशवीवरच संशय घेणं सोपं नाही. पण तो घेतला गेला. द्रव तपासला गेला. त्या बॅचच्या उरलेल्या पिशव्या परत मागवल्या गेल्या. मार्च महिन्यात तिथल्या आरोग्य यंत्रणेने कुटुंबांना खरं काय झालं ते सांगितलं आणि मग पत्रकारांना बोलावून सगळ्या देशाला सांगितलं. झाकता आलं असतं. न झाकल्यामुळे कॅनडाभरच्या फार्मसींना आपापल्या फळ्यांकडे वळून बघता आलं.

तुम्हीही एक फळी बघून घ्या, कुठल्याही रुग्णालयाच्या भांडारातली. औषधं वर्णानुक्रमाने किंवा कंपनीप्रमाणे लावलेली. एकाच कंपनीचा तोच आकार, तीच पांढरी चिठ्ठी, तोच ठसा. माणूस चिठ्ठी वाचत नाही. त्याला जे हवं असतं, ते त्याला दिसतं. शंभरदा उचललेल्या वस्तूच्या नावाचं पहिलं अक्षर डोळा गृहीत धरतो. याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. निष्काळजी माणूस चुकतो, पण काळजी घेणारा माणूसही हजारात एकदा चुकतोच, आणि रुग्णालयात हजार ही काही मोठी संख्या नव्हे.

मग म्हणतात, दोघांनी तपासा. बरोबर आहे, पण दुसरा काय तपासतो तेही बघा. पहिला म्हणतो, “सोडियम क्लोराइड, बघ.” दुसरा तीच बाटली, त्याच उजेडात, आता कानात नाव पडलेलं असताना बघतो आणि मान डोलावतो. दोन सह्या होतात. तपासणी मात्र एकच झालेली असते, तीही अर्धी.

यात आणखी एक पेच आहे. कॅलगरीच्या सहा वर्षं आधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने गंभीर घटनांबद्दलचा आपला पहिलाच इशारा काढला तो दाट पोटॅशियम क्लोराइडबद्दल. सल्ला असा की त्याच्या बाटल्या वॉर्डात ठेवू नका. शहाणपणाचाच सल्ला, जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये दाट क्षारांवर वेगळं मार्गदर्शन दिलं. पण वॉर्डातून काढलेला धोका कुठेतरी ठेवावा लागतो. तो फार्मसीत जातो. तिथे माणसं प्रशिक्षित, जागा शांत, सगळं ठीक. मात्र वॉर्डात हात चुकला तर एका खाटेवर परिणाम, आणि बॅच बनवताना चुकला तर पिशव्यांच्या रांगा. धोका हलवला की तो लहान होतो असं नाही. कधी कधी तो घाऊक होतो.

म्हणून कॅलगरीनंतर जे उपाय पुढे आले त्यातला मला सगळ्यात पटणारा उपाय अगदी साधा आहे. बॅच बनली की तिच्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि सोडियम किती, पोटॅशियम किती ते मोजून घ्यायचं. रुग्णाचं रक्त रोज ज्या यंत्रात घालतो, त्याच जातीच्या यंत्रात. आकडा येईपर्यंत एकही पिशवी बाहेर नाही. जिथे तयार, कारखान्यात तपासलेला द्रव मिळतो तिथे तो घ्यायचा. पोटॅशियमच्या बाटल्या वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने. पण आधी मोजायचं. चिठ्ठी म्हणजे नुसता शब्द झाला. द्रवाला विचारल्याशिवाय द्रव सांगत नाही.

आणि खिशातलं वाक्य आता काढा. विजेची जीभ इथे असती तर? तीही फसली असती, निदान अर्धी. पोटॅशियम क्लोराइडमधून वीज मिठापेक्षा थोडी जास्तच सहज वाहते. आकडा वर सरकला असता, कदाचित भोंगाही वाजला असता, पण कशामुळे ते कळलं नसतं. ‘खारट आहे’ असं यंत्राने प्रामाणिकपणे सांगितलं असतं.

शेवटचा मुक्काम दूरचा नाही. काळही आजचाच. आपल्याकडचं कुठलंही तालुक्याच्या गावातलं डायलिसिस युनिट घ्या, २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला त्यानंतर अशी बरीच उभी राहिली. पहाटेचे साडेपाच. बाहेर पहिल्या पाळीचे रुग्ण बाकावर बसलेत, कुणाच्या मांडीवर डबा, कुणाच्या हातात रिकामी पाण्याची बाटली, कारण पाणी प्यायचंही मोजून.

आत आरओची टाकी घुमतेय. टेक्निशियन मुलगी रात्रीच्या झोपेतून अजून नीट बाहेर आलेली नाही. आधी ती पाण्यातलं क्लोरीन तपासते. पट्टी बुडवते, रंग बघते. मग पार्ट बी, म्हणजे सोड्याचा दाट द्रव; कॅल्शियमशी पटत नाही म्हणून तो वेगळ्या कॅनमध्ये. पावडरची पिशवी फोडते, कॅनमध्ये ठरलेल्या खुणेपर्यंत आरओचं पाणी घालते, हलवते. फार घुसळत नाही. ताकासारखं घुसळलं तर सोड्यातला वायू निघून जातो आणि द्रव बिघडतो. कालचा उरलेला बी तिने आधीच ओतून टाकलाय, कारण त्या पाण्यात जंतू फार आनंदाने वाढतात. पार्ट ए, म्हणजे बाकीच्या क्षारांचा द्रव, तयार कॅनमध्ये आलाय. एकाच रंगाचे, एकाच आकाराचे कॅन कोपऱ्यात लावलेत. त्यात दोन पोटॅशियमवाले आहेत, तीनवालेही आहेत. फरक चिठ्ठीतल्या एका आकड्याचा, आणि हा फरक यंत्राच्या विजेच्या जिभेला जवळजवळ कळतच नाही. ती प्रत्येक कॅन फिरवून चिठ्ठी आपल्याकडे करते आणि आकड्यावर बोट ठेवून तो मोठ्याने म्हणते. खोलीत ऐकायला कुणी नसतं, तरी म्हणते.

लाल नळी ए च्या कॅनमध्ये, निळी बी च्या कॅनमध्ये. यंत्र पाणी ओढायला लागतं. पडद्यावर आकडा चढत जातो, चौदाच्या आसपास येऊन थांबतो. यंत्र समाधानी आहे. हिरवा दिवा.

ती समाधानी नाही. यंत्राच्या नळीतून जाणारा द्रव पेल्यात धरते, हातातला छोटा मीटर त्यात बुडवते. पीएचची पट्टी बुडवते. आकडे वहीत लिहिते, सही करते. शेजारचा दुसऱ्या सहीचा रकाना रिकामा आहे. ती दारातून हाक मारते, “दादा, जरा येता का?”

दादा येतात. ती वही पुढे करते. ते वही घेत नाहीत. पेला रिकामा करून पुन्हा भरतात, मीटर पुसतात आणि तिने काय लिहिलंय ते न विचारता बुडवतात.